उतार आणि उतारा

केळना ही काही नाव घेण्याजोगी नदी नव्हे. अजिंठ्याच्या डोंगररांगेकडून येते, भोकरदनला वळसा घालते, असईजवळ जुईला पोटात घेते आणि जाफ्राबादला पूर्णेत मिसळून स्वतःचं नावही सोडून देते. पावसाळा सरला की हिच्या पात्रातून बैलगाडी निघते, उन्हाळ्यात तर मुलं क्रिकेट खेळतात. पण 23 सप्टेंबर 1803 रोजी, ऐन पावसाळ्याच्या शेवटी, एक चौतीस वर्षांचा इंग्रज सेनापती या नदीच्या दक्षिण काठावर दुर्बीण घेऊन उभा होता. पलीकडे शिंदे आणि नागपूरकर भोसले यांच्या फौजा. ‘इथे नदीला उतार नाही,’ असं वाटाडे ठामपणे सांगत होते. त्याला दुर्बिणीतून दोन गावं दिसली. एक अलीकडच्या काठावर, दुसरं बरोबर त्याच्या समोर पलीकडच्या काठावर. पिंपळगाव आणि वरूड. त्याने मनाशी हिशोब केला: दोन गावं अशी समोरासमोर वसली असतील तर मधून येण्याजाण्याची वाट असणारच. त्याने माणूस पाठवून खात्री केली. उतार होता.

तो सेनापती आर्थर वेलस्ली. पुढे वॉटर्लूला नेपोलियनला हरवून ड्यूक ऑफ वेलिंग्टन म्हणून गाजला. असईची लढाई त्याने जिंकली खरी, पण त्याचे 1,584 लोक मेले, जखमी झाले किंवा हरवले. बरोबर असलेल्या साडेचार हजारांच्या मानाने हा आकडा भयंकर होता. शिंद्यांच्या कवायती पलटणींचा म्होरक्या पोहलमान हा हॅनोव्हरचा जर्मन. इंग्रजांकडून लढणारे बहुतेक शिपाई मद्रासकडचे. मराठे, फिरंगी, मुसलमान, तेलंगे दोन्हीकडे सरमिसळ होते. म्हातारपणी वेलिंग्टनला त्याची सर्वांत चांगली लढाई कोणती असं विचारलं, तेव्हा त्याने वॉटर्लूचं नाव घेतलं नाही. असईचं घेतलं.

मला त्या लढाईपेक्षा तो उतार जास्त आवडतो. नकाशात नसलेला, वाटाड्यांनी नाकारलेला, आणि तरी दोन गावांकडे पाहून ओळखता येणारा. 2025 च्या पावसाळ्यात जालन्याहून राजूरमार्गे भोकरदन आणि तिथून जाफ्राबाद असा प्रवास केला, तेव्हा माझ्या पिशवीत प्लॅस्टिकच्या पाकिटात घातलेला एक कागद होता. मीही एक उतार शोधत होतो. मला पाण्यातून नव्हे, लिपीतून पलीकडे जायचं होतं.

कागद

कागद आजोबांच्या नावाचा. खरेदीखत असावं असा घरातला समज. वर निझाम सरकारचा स्टॅम्प, खाली उर्दूतला मजकूर, कडेला मोडीत दोन ओळी आणि अंगठा. आमच्या घरात कोणाला उर्दू येत नाही आणि मोडीही येत नाही. वडील उर्दू शिकले होते, कारण निझामी राज्यात वरच्या वर्गांत त्यावाचून गत्यंतर नव्हतं. ते गेले आणि घरातलं ते अक्षर त्यांच्याबरोबर गेलं. ‘ठेवा, लागेल कधीतरी,’ एवढं सांगून मागच्या पिढीने कागद पुढच्या पिढीच्या हाती दिला.

तो ‘कधीतरी’ जालना जिल्ह्यात अचानक उगवला. 2023 च्या ऑगस्टअखेरीस अंबड तालुक्यातल्या अंतरवाली सराटीत मराठा आरक्षणासाठी उपोषण सुरू झालं, 1 सप्टेंबरला तिथे लाठीमार झाला आणि सगळ्या राज्याचं लक्ष या जिल्ह्याकडे वळलं. निझामकाळातल्या कुणबी नोंदी शोधण्यासाठी निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली गेली. पाठोपाठ तहसीलची दप्तरं उघडली, हैदराबादचे फेरे झाले आणि 2 सप्टेंबर 2025 रोजी हैदराबाद गॅझेटियरबाबतचा शासन निर्णयही निघाला. त्या मागणीच्या बाजूने किंवा विरुद्ध लिहिण्याची ही जागा नव्हे. पण एक गोष्ट सगळ्यांच्याच लक्षात आली. आपण कोण, हे आपल्याच आजोबांनी लिहून ठेवलंय आणि ते आपल्याला वाचता येत नाही. मोडी आणि उर्दू जाणणाऱ्या माणसांना एकाएकी भाव आला. वर्षानुवर्षं कोणी ज्यांची दखल घेतली नव्हती, त्या म्हाताऱ्यांच्या ओट्यावर चपलांचे जोड साचू लागले.

असेच एक म्हातारे जाफ्राबादला राहतात, असं मला भोकरदनच्या एका वकिलाने सांगितलं. “अर्जनवीस होते भाऊ. फसली तारीख तोंडपाठ सांगते माणूस. जाऊन बसा त्यांच्यापाशी.”

मोगलाईतलं गाव

भोकरदन ते जाफ्राबाद या वाटेवर एसटीत बसलात तर दोन्ही बाजूंना मका, कपाशी, सोयाबीन आणि मधूनमधून पांढऱ्या-हिरव्या शेडनेटची घरं दिसतात. हा भाग भाजीपाल्याच्या सीड प्लॉटचा. बाया मिरचीच्या, टमाट्याच्या फुलांचं परागीकरण हाताने करतात, एकेक फूल धरून. वरच्या अंगाला पिंपळगाव रेणुकाईचा हिरव्या मिरचीचा बाजार. हंगामात तिथून ट्रक भरभरून बाहेरच्या राज्यांत जातात, आणि बाजारातून चालणाऱ्याचे डोळे चुरचुरतात ते वेगळंच.

भोकरदन आज तालुक्याचं एक धुळकट गाव वाटतं. पण प्राचीन काळी ते भोगवर्धन होतं. भारहूत आणि सांचीच्या स्तूपांवर दान देणाऱ्यांची जी नावं कोरली आहेत, त्यांत भोगवर्धनचे रहिवासी आहेत. 1973 च्या सुमारास नागपूर आणि मराठवाडा विद्यापीठांनी इथे उत्खनन केलं, त्यात हस्तिदंती स्त्रीमूर्ती सापडली. तशाच घडणीची एक मूर्ती इटलीत पाँपेईच्या राखेखालून 1938 मध्ये निघाली होती. इसवी सन 79 मध्ये व्हेसुव्हियसने ते शहर गाडलं, म्हणजे मूर्ती त्याआधीच समुद्र ओलांडून गेलेली. केळनाकाठ पहिल्यापासूनच परक्यांशी व्यवहार करणारा आहे, एवढंच यातून घ्यायचं.

जाफ्राबादचं नावच सांगतं की गाव कोणाच्या अमलात वसलं. आमची आजी या सगळ्या मुलखाला ‘मोगलाई’ म्हणायची, निझामाचं राज्य जाऊन वीस वर्षं झाल्यावरही. चार-दोन कोसांवर बुलढाण्याची, म्हणजे वऱ्हाडची हद्द. निझामाने 1853 मध्ये वऱ्हाड इंग्रजांकडे सोपवला, तेव्हापासून एकाच बाजारात दोन नाणी फिरू लागली. मोगलाईतला हाली सिक्का आणि पलीकडचा कलदार. सात रुपये हाली म्हणजे सहा रुपये कलदार, हा हिशोब हद्दीवरच्या अडाणी बाईलाही बोटांवर येत असे. बैल वऱ्हाडात विकला तर कलदार, लुगडं मोगलाईत घेतलं तर हाली. ज्याला बदलाचा हिशोब येत नाही, तो बाजारात बुडाला.

दुपारी गाव निवांत होतं. शिंप्याच्या मशिनचा आवाज, हॉटेलात तळणाऱ्या भज्यांचा वास, बस स्टँडवर पेंगणारी दोन कुत्री. मशिदीच्या भिंतीला लागून स्वस्त धान्याचं दुकान, दुकानाला लागून मारुतीचा पार. पारावर तिघे बसले होते. त्यांतल्या एकाला पत्ता विचारला.

“कामून? कागद वाचायचाय का?” त्याने माझ्या पिशवीकडे पाहून विचारलं. मी मान हलवली. “सरळ जा. पिंपळाखालचा ओटा. चाचा असतीलच.”

चाचा

वय ऐंशीच्या पुढे. पांढरी दाढी, डोक्याला टोपी, अंगात धुवट पैरण, आणि चष्म्याची एक काडी दोऱ्याने बांधलेली. माझ्याआधी दोन जण बसले होते, म्हणून मी बाजूला बसून ऐकत राहिलो. चाचांचं बोलणं ऐकण्यासारखं. समोरचा मराठी बोलला की ते मराठीत, घरात कोणाला हाक मारायची झाली की दखनीत, आणि मधल्या वाक्यांची भाषा कोणती ते त्यांनाही सांगता आलं नसतं. “ये कागद नक्को, वो दूसरा‌च देव,” ते म्हणाले. ‘नक्को’ हा आपला नको आणि ‘च’ हा आपला च. दखनीने मराठीकडून घेतलेले हे दोन शब्द दिल्ली-लखनऊच्या उर्दूत सापडणार नाहीत. उलट बाजूने पाहिलं तर मी जे मराठी बोलत होतो, त्यातलं अर्ज, जमीन, तारीख, वकील, हजर, गुन्हा, दुकान, सगळं फारसी-अरबीकडून आलेलं. शिवाजी महाराजांनी राजव्यवहारकोश करवून फारसी शब्दांना संस्कृत पर्याय दिले, त्यावरूनच दरबारात ते किती मुरले होते ते कळतं. दरबाराने शब्द बदलले तरी बाजाराने मात्र आपले जुनेच ठेवले.

माझी पाळी आली. चाचांनी कागद उजेडाकडे धरला. बराच वेळ काही बोलले नाहीत. मग बोटाने एक शब्द दाखवून म्हणाले, “फरवर्दी. म्हणजे ज्वारी काढून झाली होती. माणसाच्या हातात पैसा होता.”

मला काही कळेना. त्यांनी समजावलं, ते असं:

चंद्राचं वर्ष सुमारे 354 दिवसांचं, सूर्याचं 365 दिवसांचं. हिजरी सन निव्वळ चंद्रावर चालतो, म्हणून ईद कधी थंडीत येते, कधी उन्हाळ्यात. नमाज-रोज्याला ते चालतं, पण शेतसाऱ्याला चालत नाही. सारा भरायचा महिना पिकाच्या आधीच येऊन उभा राहिला तर कुणबी भरणार कुठून? म्हणून अकबराच्या काळी फसली सन निघाला. फसल म्हणजे पीक, त्यावरून फसली. हिजरीचाच आकडा घ्यायचा आणि पुढे वर्ष सूर्याप्रमाणे मोजायचं. दख्खनमध्ये शाहजहानच्या काळात तो लागू झाला. निझामाच्या राज्यात फसली वर्ष ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात आजूर महिन्याने सुरू व्हायचं. पुढे दय, बहमन, इस्फंदार, फरवर्दी अशी जुन्या इराणी महिन्यांची नावं. साल काढायचं तर फसलीत 590 मिळवा. मराठ्यांच्या कागदांत येणारा शुहूर सन हा याचाच चुलतभाऊ; तो मृगाला सुरू होतो आणि आकड्याने फसलीच्या नऊ वर्षं मागे असतो.

“1343 फसली,” चाचा म्हणाले. मी पाचशे नव्वद मिळवले. 1933 च्या ऑक्टोबरात सुरू झालेलं वर्ष. फरवर्दी म्हणजे 1934 चा फेब्रुवारी.

मुसलमान बादशहाने हिंदू कुणब्याच्या पिकासाठी आपल्या धर्माचं पंचांग बाजूला ठेवलं, असं भाषणात म्हणायला छान वाटेल. खरं कारण साधं आहे. सारा वसूल व्हायला हवा होता. पण या साध्या कारणातूनच एक वर्ष तयार झालं, त्याला आकडा अरबस्तानचा, महिने इराणचे आणि ऋतू केळनाकाठचे. माझ्या आजोबांनी सही म्हणून उठवलेला अंगठा त्या वर्षातला आहे.

एकादशी आणि दसवी

चाचांकडे चहा आला. बोलता बोलता विषय त्या वर्षीच्या आषाढीवर गेला. 6 जुलै 2025 ला आषाढी एकादशी होती आणि त्याच दिवशी मोहरमची दसवी. “गेल्या वर्षीही एक‌च दिवस आला होता,” चाचा म्हणाले. बरोबर, 17 जुलै 2024. आणि त्याआधीची दोन वर्षं, 10 जुलै 2022 आणि 29 जून 2023, आषाढी एकादशी आणि बकरी ईद एका दिवशी होत्या. 2023 ला राज्यातल्या अनेक गावांत मुसलमानांनी आपणहून ठरवलं की त्या दिवशी कुर्बानी करायची नाही, दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी करायची.

हा योगायोग म्हणून सोडून दिला तर त्यातली गंमत जाते. दोन्ही पंचांगं एकाच चंद्रावर चालतात. दशमी-एकादशीच्या चंद्राला एक जण एकादशी म्हणतो, दुसरा दसवी. वर्षाला दोन्ही सण अकरा-अकरा दिवस अलीकडे सरकतात, म्हणून दोन वर्षं जोडीने चालतात. मग अधिक मास येतो. 2023 ला अधिक श्रावण आला आणि हिंदू पंचांग एक महिना मागे थांबलं. हिजरीत अधिक मास नाही, ते पुढे निघून गेलं. म्हणून पुढच्या आषाढीला बकरी ईदची सोबत सुटली आणि तिच्या जागी मोहरम येऊन उभा राहिला. 2026 ला अधिक ज्येष्ठ, तेव्हा हीही जोडी सुटते. मग सारं चक्र फिरून पुन्हा जुळायला बत्तीस-तेहेतीस वर्षं जातात.

मराठवाड्यातल्या गावांनी हे गणित पंचांग न उघडता सांभाळलं. मोहरमच्या सवाऱ्यांना हिंदू घरांतून पाणी घालतात, नवसाची मुलं पंजाच्या पाया पडतात, चोंगे आणि मलिदा वाटला जातो. दर्ग्याला कंदुरीचा नवस बोलणाऱ्यांत हिंदू घरं कमी नाहीत. बारा बलुत्यांच्या यादीत मुलाण्याचं नाव आहे, म्हणजे गावगाड्यानेच त्याला आपल्या हिश्शात धरलं होतं. जत्रेतलं बकरं त्याच्याच हातून कापलं जायचं. इथून जवळच्या सिंदखेडराजाच्या जिजाऊंचे सासरे मालोजीराजे यांनी नगरच्या शाह शरीफांना नवस केला आणि मुलांची नावं शहाजी, शरीफजी ठेवली, ही परंपरा तर सगळ्यांनाच ठाऊक आहे.

मी चाचांना सहज विचारलं, “मग गावात कधीच काही झालं नाही?”

ते हसले नाहीत. “भाऊ, असं कोण्या गावाबद्दल बोलू नका.”

त्यांचं खरं होतं. 1948 च्या सप्टेंबरात भारतीय फौजा हैदराबाद संस्थानात शिरल्या आणि 17 तारखेला निझामाने शरणागती पत्करली. त्याआधी रझाकारांनी मराठवाड्यात जे केलं, ते अजूनही म्हाताऱ्यांच्या आठवणीत आहे. आणि त्यानंतर काय झालं, हे पंडित सुंदरलाल यांच्या समितीने नोंदवलं. उस्मानाबाद, नांदेड, बीदर, गुलबर्गा या जिल्ह्यांत मुसलमानांवर सर्वांत जास्त आघात झाले. निवांत गावांच्या पोटात असे निवांतपणे गिळलेले महिने असतात. उतार आहे म्हणून नदीला कधी पूर येत नाही, असं नाही. पूर ओसरल्यावर लोक पुन्हा त्याच वाटेने पलीकडे जातात, एवढंच म्हणता येतं.

उफाची गोष्ट

आमच्या ओळखीतला एक मुलगा डॉक्टर व्हायला रशियातल्या उफा शहरात गेला आहे. महाराष्ट्रातले बरेच विद्यार्थी तिथल्या वैद्यकीय विद्यापीठात जातात. उफा ही बाश्कोर्तोस्तानची राजधानी. उरल पर्वताच्या पायथ्याचा हा मुलूख तुर्की वंशाच्या मुसलमान बाश्कीर लोकांचा आणि त्यांच्या शेजारी वसलेल्या रशियनांचा. पेरणी उरकली की तिथे सबांतुय होतो. नावाचा अर्थच नांगराचा सण. कुस्त्या, घोड्यांच्या शर्यती, जेवणावळी. आपल्याकडे पोळ्याला जे बैलाचं, तसं तिथे घोड्याचं कौतुक.

पण चाचांच्या ओट्यावर बसून मला त्या मुलुखाची दुसरीच गोष्ट आठवत होती, लिपीची. बाश्कीर लोक पूर्वी अरबी लिपीत लिहीत. 1920 च्या दशकाच्या अखेरीस सोव्हिएत सरकारने त्यांना लॅटिन लिपी दिली आणि दहा-अकरा वर्षांत ती काढून रशियन वळणाची लिपी लावली. आजोबा एका लिपीत, बाप दुसरीत, नातू तिसरीत. सगळे एकच भाषा बोलतात, पण एकमेकांची पत्रं वाचू शकत नाहीत.

आपण त्यांच्याकडे पाहून हळहळावं, असं काही नाही. निझामाच्या राज्यात 1884 मध्ये फारसीऐवजी उर्दू ही राज्यकारभाराची भाषा झाली. 1918 साली उस्मानिया विद्यापीठ निघालं, तिथे शिक्षणही उर्दूतूनच. गावच्या कुलकर्ण्याचं दप्तर मात्र मोडीतच राहिलं. 1948 नंतर उर्दू कारभारातून गेली, त्याच सुमारास मोडीही मागे पडली. 1956 ला मराठवाडा मुंबई राज्यात आला तेव्हा हिशोब देवनागरीत आणि इंग्रजीत सुरू झाला. कोणी जबरदस्ती केली नाही, गरज सरली म्हणून ते अक्षर विसरलं गेलं. जमिनीच्या कागदात मात्र ते गाडून राहिलं.

चतुःसीमा

चाचा कागदाच्या शेवटाकडे आले. खरेदीखतात चतुःसीमा लिहितात. पूर्वेला काय, पश्चिमेला काय. त्यांनी वाचून सांगितलं आणि मी वहीत उतरवून घेतलं. पूर्वेला नाला. पश्चिमेला गाडीवाट. उत्तरेला मशिदीची इनाम जमीन. दक्षिणेला खंडोबाची इनाम जमीन. मधे आमचं सात एकर. आजोबा रोज पूर्वेच्या नाल्यावरून पाणी घेत, पश्चिमेच्या वाटेने घरी येत, आणि दोन्ही बाजूंना देवांचे शेजार.

“आता कडेच्या मोडीत काय लिहिलंय?” मी विचारलं.

चाचांनी चष्मा काढला. “वो मेरेकू नहीं आता. मोडी वाचणारा राजूरला एक गुरुजी आहे. मी त्याच्याकडे पाठवतो, तो माझ्याकडे पाठवतो. असं‌च चाललंय.” मग खाली मान घालून म्हणाले, “माझा नातू इंग्लिश मीडियमला आहे. कागद मोबाइलवर फोटो काढून पाठव म्हणतो. फोटो निघतो. वाचणार कोण?”

मी पैसे पुढे केले. त्यांनी पन्नासची एक नोट घेतली, बाकीच्या परत दिल्या. आधीच ठरलेला भाव असावा तसा.

ओट्यावरून उठलो तेव्हा दुसरा माणूस कागद काढून बसला होता. नातवाची चप्पल सायकलच्या चाकाला लागून पडली होती आणि तो आत कुठेतरी इंग्रजी कविता पाठ करत होता. राजूरला जाणारी गाडी पाऊण तासाने होती.

मराठीत नदीतून पलीकडे जायच्या जागेला उतार म्हणतात आणि जमिनीच्या नोंदीच्या नकलेला उतारा. शब्दकोशात त्यांचं नातं काय असेल ते असो, केळनाकाठी मला ते एकच वाटले. उतार कोणी बांधत नाही. दोन काठांवरची माणसं रोज येऊन-जाऊन तो टिकवतात, आणि येणंजाणं थांबलं की दोन पावसाळ्यांत तो गाळाने बुजतो. मग कोणी वाटाड्याला विचारलं तर तो खरेपणानेच सांगतो की इथे उतार नाही.

मी राजूरचं तिकीट काढलं. मोडीतल्या दोन ओळी अजून वाचायच्या राहिल्या होत्या.